रोबोटला कोणती चाकं लावायची?

रोबोकॉनसारख्या रोबोट स्पर्धेची नवी थीम जाहीर झाली की पुण्यातल्या कॉलेजांच्या रोबोटिक्स क्लबांत पहिला वाद होतो तो चाकांवरून. एक जण म्हणतो, "मेकॅनम घेऊ, आडवं जाता येतं." दुसरा म्हणतो, "सिनियर्सनी गेल्या वर्षी ओम्नी लावली होती, तीच लावू." रूलबुक पुरतं वाचून व्हायच्या आत ऑर्डर गेलेली असते आणि पुढचे कितीतरी महिने सगळी टीम त्या चाकांशी जुळवून घेत बसते. चाकाच्या मापावर चॅसिस (सांगाडा) ठरतं, चॅसिसवर मोटरची जागा, मोटरवर बॅटरी. त्यामुळे चाक चुकलं की मागचं सगळं उसवावं लागतं. निर्णय नीट घ्यायला फार गणित लागत नाही. अकरावीतलं घर्षण आणि थोडी त्रिकोणमिती पुरते.

मूळ गोष्ट अशी. चाक जिथे जमिनीला टेकतं तिथे ते काही दिशांना जमीन धरतं आणि काही दिशांना सोडून देतं. साधं रबरी चाक पुढे-मागे मोटरच्या ताब्यात असतं आणि आडव्या दिशेला जमीन धरून ठेवतं. ओम्नी चाक, म्हणजे परिघावर छोटे रोलर असलेलं, पुढे-मागे धरतं, आडव्या दिशेला मात्र पूर्ण सोडून देतं. मेकॅनम, म्हणजे तिरप्या रोलरचं चाक, तिरप्या दिशेला सोडतं, ४५ अंशांत. चाक निवडताना विचारायचं ते हेच: आपल्या रोबोटला या वर्षीच्या मैदानावर कोणत्या दिशेची पकड सोडून चालेल?

"या वर्षीच्या" हा शब्द मी मुद्दाम घातला. रोबोकॉनचंच बघा. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली आणि तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात दोनदा झाली, २००८ आणि २०१४ मध्ये. २००८ ची थीम होती गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी. २०१४ मध्ये पालक रोबोटने बाळ रोबोटला उचलून सी-सॉवर, झोक्यावर न्यायचं होतं. २०१७ ला टोकियोत चकत्या फेकायच्या होत्या. २०१९ ला उलानबातरमध्ये दोनपैकी एका रोबोटला चाकं सोडून चार पायांवर चालावं लागलं. २०२५ ला बास्केटबॉल आला. बाळाला अलगद जागेवर ठेवणाऱ्या रोबोटला शेवटच्या काही सेंटिमीटरची बारीक हालचाल हवी असते. चकती फेकणाऱ्याला फेकताना मागे न सरकता उभं राहायचं असतं. बास्केटबॉलमध्ये समोरची टीम त्याच मैदानात आडवी येते. तिन्ही खेळांची गरज वेगळी, म्हणून सिनियर्सचं चाक हे फक्त सिनियर्सच्या थीमचं उत्तर असतं.

साधं चाक: स्वस्त, भक्कम आणि अकारण हिणवलेलं

चार साधी रबरी चाकं, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पुढे जायचं तर सगळी पुढे. वळायचं तर एक बाजू पुढे, दुसरी मागे. याला टँक ड्राइव्ह म्हणतात. ढकलाढकलीत याच्यासारखं चाक नाही, कारण ते पुढे-मागेही जमीन धरतं आणि बाजूने धक्का बसला तरी सोडत नाही.

त्रास होतो तो वळताना. जागच्या जागी गोल फिरायचं तर चारही चाकांना थोडं आडवं घासत जावं लागतं, आणि आडवं घासणं हेच तर साध्या चाकाला नको असतं. बेस लांब आणि अरुंद असेल तर रोबोट वळायला नकार देतो, धक्के देत उड्या मारत फिरतो, मोटर भरमसाट करंट खेचते आणि ड्रायव्हर तापतो. (ड्रायव्हर म्हणजे मोटरचं सर्किट. माणूसही तापतोच.) यावर तीन उपाय आहेत. पहिला, बेस रुंद आणि आखूड करा: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा मोठं ठेवा. दुसरा, पुढची दोन चाकं ओम्नी लावा आणि मागची दोन रबरी ठेवा. मग रोबोट मागच्या आसाभोवती छान फिरतो, बाजूच्या धक्क्याला मागची दोन चाकं धरून ठेवतात, आणि खर्च दोन ओम्नींचाच होतो. तिसरा, सहा चाकं लावून मधली दोन साधारण ३ मिलिमीटर खाली बसवा. एका वेळी चारच चाकं जमिनीला लागतात, त्यामुळे बेस लांब असूनही वळताना आखूड असल्यासारखा वागतो. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत ही सहा चाकांची रचना खूप वापरली गेली आहे.

नव्या टीमने निदान पहिला टेस्ट बेस तरी असाच बनवावा, असं माझं ठाम मत आहे. आठवड्याभरात उभा राहतो, कोडिंगच्या मुलांना हातात काहीतरी मिळतं आणि खेळाला आडवी चाल खरंच लागते का, ते मैदानावर चालवूनच कळतं.

ओम्नी आणि मेकॅनम

ओम्नी चाकाच्या परिघावर छोटे रोलर असतात आणि त्यांचे आस चाकाच्या आसाशी काटकोनात असतात. मोटर चाक फिरवते तेव्हा रोलर जमीन धरून ढकलतात. बाजूने ढकललं तर तेच रोलर गरगर फिरतात. कल्पना जुनी आहे, १९१९ साली तिचं अमेरिकेत पेटंट झालं होतं. स्वस्त ओम्नीत रोलरची एकच ओळ असते आणि दोन रोलरमध्ये फट राहते, त्यामुळे चालताना बेस थरथरतो. कॅमेरा किंवा रेषा वाचणारा सेन्सर लावणार असाल तर दोन ओळींचं चाक घ्या, ज्यात एका ओळीची फट दुसऱ्या ओळीच्या रोलरने झाकलेली असते.

ओम्नी नुसती समांतर लावून आडवं जाता येत नाही. ती कोनात लावावी लागतात. तीन चाकं १२० अंशांवर लावली की रोबोट कोणत्याही दिशेला सरकतो आणि सरकता सरकता फिरूही शकतो. तीन चाकांचा मोठा फायदा असा की ती नेहमी जमिनीला टेकतात. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिपाई डुगडुगत नाही. मोटरही एक कमी लागते. पण टेकायची जागा त्रिकोणी असते, म्हणून उंच रोबोटने हात बाहेर काढला की कलंडायची भीती वाढते. म्हणूनच पुष्कळ टीम चार ओम्नी कोपऱ्यांवर ४५ अंशांत लावतात. वरून बघितलं तर इंग्रजी एक्स दिसतो, त्याला एक्स ड्राइव्हच म्हणतात.

एक्स ड्राइव्ह समांतर चाकांपेक्षा वेगाने धावतो, हे सगळे कौतुकाने सांगतात, आणि ते खरं आहे. चाक ४५ अंशांत असल्यामुळे सरळ जाताना रोबोटचा वेग चाकाच्या वेगाच्या सुमारे १.४१ पट होतो, म्हणजे वर्गमूळ दोन पट. पण जोरही तेवढ्याच पटीने घटतो: चार चाकांनी मिळून ८ किलोचा जोर लावला असता, तिथे साडेपाच-पावणेसहा किलोच मिळतो. गिअर बदलल्यासारखंच हे आहे, एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकलेलं.

मेकॅनमचा शोध बेंग्ट इलॉन या स्वीडिश इंजिनिअरने लावला. तो मेकॅनम एबी या कंपनीत काम करत असे, चाकाला नाव तिथूनच मिळालं, आणि अमेरिकेतलं पेटंट १९७५ सालचं आहे. यात रोलर तिरपे, ४५ अंशांत असतात. त्यामुळे चाक साध्या चाकासारखं समांतर बसवता येतं, पण ते जमिनीला ढकलतं तिरकं. चारही चाकं पुढे फिरली की प्रत्येकाच्या जोराचा आडवा भाग समोरच्याने रद्द होतो आणि रोबोट सरळ जातो. उजवीकडे सरकायचं तर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक पुढे फिरवा, उरलेली दोन मागे. आता पुढचे-मागचे भाग रद्द होतात आणि आडवे उरतात. चाकं बसवताना वरून बघा: दिसणारे रोलर चारही कोपऱ्यांतून मध्याकडे यावेत, एक्ससारखे. दोन चाकांची अदलाबदल झाली तरी रोबोट पुढे-मागे ठीकच जातो, म्हणून चूक लगेच लक्षात येत नाही. आडवं जायला सांगितलं की भलतीकडे जातो.

मेकॅनमच्या जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे पकड. मोकळा फिरणारा रोलर फक्त आपल्या आसाच्या दिशेनेच जमिनीला ढकलू शकतो. घर्षणाने मिळणारा सगळा जोर त्या तिरक्या दिशेला जातो आणि त्यातला सरळ दिशेचा वाटा उरतो सुमारे ७० टक्के. म्हणजे तेच वजन, तेच रबर, तीच जमीन असली तरी साध्या चाकाच्या रोबोटशी समोरासमोर रेटारेटीत मेकॅनमचा रोबोट आधी घसरणार. त्यात बाजारातल्या स्वस्त मेकॅनमचे रोलर कडक असतात, त्यांची पकड आणखी कमी. रोलर बुशवर फिरतो की बेअरिंगवर, हेही बघा. घट्ट रोलर असले की आडवी चाल कागदावरच्या वेगाच्या जवळपासही पोचत नाही. पार्सल आल्या आल्या प्रत्येक रोलर बोटाने फिरवून पाहावा. जास्त आवळलेला स्क्रू तिथेच सापडतो.

आणि चारही चाकांवर सारखं वजन हवं. एक चाक जरा उचललं गेलं की त्याचा वाटा रद्द करणारं कुणी उरत नाही आणि रोबोट आडवं जाता जाता फिरायला लागतो. मुलं मग कोडमध्ये रात्र रात्र चूक शोधतात, आणि चूक असते चॅसिसच्या वेल्डिंगमधल्या दोन मिलिमीटरच्या पिळात. बॉक्स सेक्शनचा (चौकोनी पोकळ पाइपचा) बेस सपाट लादीवर ठेवून चारही कोपरे दाबून बघा. पीळ निघत नसेल तर पुढच्या दोन चाकांची जोडी मध्ये एका पिनवर झुलती ठेवा.

प्रत्येक चाकाला स्वतंत्र वळवणारी मोटर लावलेला स्वर्व्ह ड्राइव्हही आहे. त्यात पकड न सोडता सगळ्या दिशांना जाता येतं. पण चार चाकांना आठ मोटर लागतात, आणि मेकॅनिकल आणि कोड दोन्ही कठीण. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या टीमने त्याच्या वाटेला जाऊ नये.

चाकाचा व्यास: इथे हिशोब कराच

प्रकारावर महिनाभर वाद घालणारी टीम व्यास मात्र "१०० एमएम मिळतं, घेऊन टाकू" असा ठरवते. खेळाचा निकाल पुष्कळदा इथेच लागतो.

उदाहरण घेऊ. रोबोट २० किलोचा, चार मोटर. मोटरवर लिहिलंय: ५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि ४० केजी-सीएम टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, विचारून घ्या की हा ४० चा आकडा चालू टॉर्कचा आहे की स्टॉलचा. बहुतेकदा तो स्टॉलचा असतो, म्हणजे मोटर अडकून थांबते तेव्हाचा. तसा चालवला तर मोटर जळते. हिशोबाला त्याचा चौथा हिस्सा धरा, १० केजी-सीएम. तेवढ्या भाराला वेगही पाऊण होतो, ३७५ आरपीएम.

केजी-सीएम हे एकक आपल्या सोयीचं आहे. चाकाच्या त्रिज्येने, सेंटिमीटरमध्ये, भागलं की जमिनीवरचा जोर थेट किलोत मिळतो. १०० मिमी चाकाची त्रिज्या ५ सेंमी, म्हणजे एका चाकाला २ किलो आणि चार चाकांना ८ किलो. १५० मिमी चाकाची त्रिज्या साडेसात, म्हणजे चार मिळून सुमारे ५.३ किलो. वेगाचं उलटं: लहान चाक सेकंदाला साधारण २ मीटर, मोठं ३ मीटर.

मग मोठंच बरं ना? अंतरावर आहे. रोबोट थांबलेल्या स्थितीतून निघतो आणि पोचल्यावर पुन्हा थांबतो, आणि थांबायला निघण्याएवढाच जोर वापरतो असं धरू. २ मीटरच्या धावेला लहान चाकाला दीड सेकंद लागतो आणि मोठ्याला पावणेदोन. मोठं चाक आपल्या वेगापर्यंत पोचायच्या आतच ब्रेक लावायची वेळ येते. १० मीटरच्या धावेला मात्र लहानाला साडेपाच सेकंद लागतात आणि मोठ्याला साडेचार. तेव्हा रूलबुकमधला मैदानाचा नकाशा काढा, रोबोटचा मार्ग पेन्सिलने आखा आणि प्रत्येक तुकड्याची लांबी लिहा. दोन-दोन मीटरचे दहा तुकडे असतील तर लहान चाक. एक लांब धाव आणि बाकी उभं राहून काम असेल तर मोठं.

याच हिशोबातून मोटरची सुरक्षितताही कळते. चाकाचं रबर आणि जमीन यांचा घर्षणांक ०.८ धरला, तर प्रत्येक चाकावरच्या ५ किलो वजनाला ४ किलोपर्यंत जोर पेलतो, पुढे चाक घसरतं. लहान चाकाला त्यासाठी मोटरचे २० केजी-सीएम लागतात, स्टॉलच्या निम्मे. मोठ्याला ३० लागतात, पाऊण. रोबोट भिंतीला किंवा दुसऱ्या रोबोटला अडकला तर लहान चाक मोटर निम्म्या स्टॉल करंटवर असतानाच घसरतं आणि मोटर वाचते. मोठं चाक पाऊण करंट ओढून मग घसरतं. चाक आधी घसरावं, मोटर नंतर अडकावी, असाच बेस बनवायचा असतो. मोठं चाक घेणार असाल तर गिअरबॉक्सचा आरपीएमही त्या बेताने कमी घ्या.

जमीन

पुण्यातल्या पुष्कळ टीम कॉलेजच्या पॅसेजमध्ये, शहाबादी फरशीवर सराव करतात आणि स्पर्धेला रंगवलेल्या प्लायवर उतरतात. रोलरच्या चाकांना हा फरक फार जाचतो. १०० मिमीचं चाक सरळ जाताना १०० मिमीचं असतं, पण आडवं जाताना जमिनीवर फिरतो तो जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर व्यासाचा रोलर. दोन प्लायच्या सांध्यातली तीन मिलिमीटरची पायरी त्याला अडवते. मैदानात चढ, उंबरा किंवा पट्टी असेल तर तिथे आडवं जायचा बेत सोडून द्या आणि ती सरळच ओलांडा.

घर्षणांक मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. रूलबुकमध्ये सांगितलेला तसाच रंग मारलेला प्लायचा तुकडा घ्या, रोबोटची चाकं बांधून घट्ट करा आणि प्रवासाच्या बॅगा मोजायच्या हुकच्या काट्याने जमिनीला समांतर, पुढच्या दिशेने ओढा. सरकायला लागतो तो आकडा भागिले रोबोटचं वजन. हेच पंधरा-वीस फेऱ्या धावल्यावर पुन्हा मोजा, चाकं न पुसता. धूळ बसली की आकडा किती पडतो ते पाहिलेली टीम मॅचच्या आधी चाक पुसायला कधी विसरत नाही. मऊ रबर, सिलिकॉन किंवा मऊ पीयू (पॉलियुरेथेन) जास्त पकडतं आणि लवकर झिजतं. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला नेहमीचा टीपीयूचा (लवचिक प्लॅस्टिकचा) टायर दिसतो रबरासारखा, पण असतो बराच कडक, आणि गुळगुळीत प्लायवर सटकतो. चाक रुंद केल्याने पकड खूप वाढते हा समज मात्र सोडा. मऊपणा आणि स्वच्छता यांचा वाटा जास्त असतो.

रोबोट स्वतःहून धावणार असेल तर त्याला आपण कुठे आहोत हे कळावं लागतं, आणि रोलरची चाकं घसरतात, म्हणून मोटरच्या एन्कोडरवर (फेरे मोजणाऱ्या सेन्सरवर) विसंबून चालत नाही. त्यासाठी मोटर नसलेली छोटी ओम्नी चाकं स्प्रिंगने जमिनीवर दाबून लावतात, एक पुढे-मागे धावणारं, एक आडवं धावणारं, आणि त्यांवर एन्कोडर. त्यांच्यावर जोर पडत नाही, त्यामुळे ती जवळजवळ घसरत नाहीत. कोनासाठी जायरो (वळण मोजणारा सेन्सर) असतो. मेकॅनम किंवा ओम्नी निवडताच या चाकांची जागा बेसमध्ये पहिल्याच ड्रॉइंगमध्ये सोडा. नंतर ती सापडत नाही.

राहिलं बसवणं. सगळ्यात जास्त मॅच जातात त्या हबच्या, म्हणजे चाक शाफ्टला जोडणाऱ्या भागाच्या, ग्रब स्क्रूमुळे. डी शाफ्टवर (एका बाजूने सपाट दांड्यावर) एक बारीक स्क्रू, आणि दिशा बदलताना दर वेळी त्यालाच हिसका. दोन-चार दिवसांच्या सरावात तो सैल होतो. हब भोसरीत लेथवर करून घेणार असाल तर तो चिमट्यासारखा आवळणारा करून घ्या, किंवा चावी बसवायची खाच पाडून घ्या. २० किलोचा रोबोट नुसत्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लटकवू नका; चाकाच्या बाहेरच्या बाजूलाही बेअरिंग द्या, नाहीतर उडी-धक्क्यात शाफ्ट वाकतो आणि चाक लंगडायला लागतं.

ऑर्डर देताना शेवटचं एक. मेकॅनमच्या चार चाकांत दोन डावी असतात आणि दोन उजवी, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून स्पेअर एकच घेऊन भागत नाही, दोन्ही बाजूंचं एकेक घ्या, आणि सुटे रोलर मिळत असतील तर तेही मूठभर मागवून ठेवा.